मामा रागावलेले नव्हते



पार्किन्सन्ससाठी लॅबमध्ये रक्त देऊन आकडा मिळत नाही. मधुमेहाला एचबीएवनसी आहे, थायरॉइडला टीएसएच आहे, तसं इथं काही नाही. एमआरआय काढतात, पण तो बहुतेक वेळा दुसरं काही नाही ना, हे बघण्यासाठी. पार्किन्सन्सच्या पेशंटचा साधा एमआरआय कित्येकदा नॉर्मल येतो आणि रिपोर्ट हातात घेऊन घरचे म्हणतात, "बघा, काही नाही, उगाच घाबरलो." या आजाराचं निदान होतं ते माणसाकडे बघून आणि घरच्यांना विचारून. त्यामुळे घरच्यांनी काय बघितलंय आणि ते त्यांना किती नीट सांगता येतं, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. या महिन्याचं सदर त्यासाठी.

एक खुलासा आधीच करतो. मी डॉक्टर नाही. बेळगावात बी.ई. केलं आणि आता पुण्यात दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो. पण माझ्या निपाणीच्या मामांना हा आजार आहे, निदानाला आता पाच वर्षं होतील, आणि न्यूरॉलॉजिस्टकडच्या बहुतेक फेऱ्यांना मी सोबत होतो. मंडळाच्या मागच्या संमेलनात चौघा-पाचजणांनी गाठून एकच प्रश्न विचारला, "आमच्या बाबांचा हात थरथरतो, ते हेच का?" प्रत्येकाला उभ्याउभ्या अर्धवट उत्तर दिलं, ते इथं बैजवार देतो. औषधांची नावं येतील ती माहिती म्हणून. मात्रा ठरवायचं काम तुमच्या डॉक्टरांचं.

आधी थरथरीचंच घेऊ, कारण सगळ्यांचं लक्ष तिथंच जातं. चहाचा कप तोंडाशी नेताना, सही करताना, सुईत दोरा ओवताना हात हलत असेल आणि मांडीवर ठेवल्यावर शांत होत असेल, तर तो बहुतेक वेळा वेगळा प्रकार असतो. त्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. तो पुष्कळ घरांत पिढ्यान् पिढ्या चालत येतो. आजोबांचा हात असाच हलायचा, असं लोक सांगतात ते हेच. पार्किन्सन्सची थरथर साधारण याच्या उलट असते. हात मांडीवर निवांत पडलेला असताना, टीव्ही बघताना किंवा चालताना तो हलतो, आणि काही उचलायला गेलं की थरथर कमी होते. सुरुवात बहुधा एकाच बाजूला होते. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासल्यासारखी ती हालचाल दिसते, सेकंदाला चार ते सहा वेळा. डॉक्टरी पुस्तकांत तिला गोळी वळण्याची उपमा दिलेली आहे, कारण पूर्वी औषधविक्रेते हातानं गोळ्या वळायचे. निपाणीत ही उपमा कुणाला समजावून सांगायची गरज नाही. विडी वळल्यासारखी, म्हटलं की झालं.

पण थरथर हे या आजाराचं मुख्य लक्षण नाहीच, आणि अनेक पेशंटना ती सुरुवातीला अजिबात नसते. काहींना तर कधीच येत नाही. डॉक्टर ज्याच्याशिवाय पार्किन्सन्स म्हणतच नाहीत ते लक्षण म्हणजे हालचालीतला मंदपणा. हा मंदपणा साध्या थकव्यासारखा नसतो. हालचाल पुन्हा पुन्हा करायला लागलं की ती दर वेळी थोडी थोडी लहान होत जाते. समजा, निपाणीतली एखादी बाई तीस वर्षं विड्या वळतेय. दिवसाच्या हजार विड्या तिच्या बोटांना पाठ आहेत. तिला जर हा आजार झाला, तर पहिल्यांदा तिचा हजाराचा आकडा घसरेल. सकाळची पहिली पन्नास झरझर होतील, मग उजवा हात मागं पडायला लागेल, आणि ती म्हणेल वय झालं. भाकरी थापताना एक हात जड होणं, शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागणं, अंथरुणात कूस बदलताना धडपड होणं, चालताना एकच हात न हलता अंगाला चिकटून राहणं, हे सगळं त्यातलंच. याच्या जोडीला स्नायूंचा ताठरपणा येतो. खांदा आखडतो आणि दुखतो.

मामांचं असंच झालं. ते तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. उजवा खांदा धरला म्हणून दीड वर्ष शेक, तेल, इंजेक्शन, व्यायाम असं सगळं झालं. फ्रोझन शोल्डर म्हणून उपचार चालले होते आणि त्यात काही कुणी आंधळेपणा केला असं मला वाटत नाही. पार्किन्सन्सची सुरुवात दुखऱ्या खांद्यानं होणं आणि तिथंच तपास अडकणं ही जगभरची गोष्ट आहे. शेवटी फिजिओथेरपीवाल्या मुलीनंच सांगितलं, "यांना न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, यांचा हात चालताना हलत नाही."

त्या पहिल्या भेटीला मामींनी एक काम फार छान केलं होतं. डॉक्टरांनी लिहायच्या सवयीबद्दल फोनवरच विचारलं होतं, म्हणून त्या मामांच्या घरखर्चाच्या डायऱ्या पिशवीत घालून घेऊन आल्या. चार वर्षांपूर्वीच्या डायरीत वखारीतलं ते गोल, टपोरं, मोडी वळणाची आठवण करून देणारं अक्षर. दोन वर्षांपूर्वीच्या डायरीत ओळ सुरू होताना बऱ्यापैकी, शेवटाला मुंगीएवढं. ताज्या डायरीत तर 'दूध', 'भाजी' भिंगाशिवाय वाचता येईना. डॉक्टर त्या तिन्ही डायऱ्या शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत होते. अक्षर असं बारीक होत जाणं हे ठळक लक्षण आहे, आणि जुन्या वह्या प्रत्येक घरात असतात.

मग मामींनी जे सांगितलं ते आजार म्हणून सांगितलंच नव्हतं, तक्रार म्हणून सांगितलं. "दोन वर्सं झाली बघा, माझ्याकडं बघून हसलेलं न्हाईत. शेत इकू नका म्हणालो न्हवं मी, त्याचा राग धरलाय त्यांनी. बोलत्यात ते पण पुटपुटल्यागत." डॉक्टर हुबळीकडचे, मराठी तोडकं. त्यांनी खुर्ची मामांकडे वळवून विचारलं, "मामा, बायकोवर राग आहे काय?" मामांना उत्तर द्यायला वेळ लागला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "कसला राग?" तेवढंच. मामी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

चेहऱ्याचे स्नायूही हातापायांसारखेच मंदावतात. पापण्या कमी लवतात, भुवया हलत नाहीत, हसू आतल्या आत राहतं. आवाजही बसतो, आणि गंमत म्हणजे पेशंटला स्वतःला तो पुरेसा मोठाच वाटत असतो. घरचे म्हणतात तोंड पाडून बसलेत, सून म्हणते मी केलेलं आवडत नाही, नातू जवळ जायला कचरतो. या आजारात खरं नैराश्यही येतं, पुष्कळांना येतं, आणि कधी कधी हातापायांच्या लक्षणांच्या आधी येतं. त्याला वेगळे उपचार आहेत, म्हणून डॉक्टरांना दोन्ही प्रश्न विचारावेत. पण चेहरा निर्विकार दिसला म्हणजे मनात काही नाही किंवा राग आहे, असं धरून चालू नये. आमच्या घरात त्या एका गैरसमजावर दोन वर्षं गेली होती.

काही खुणा तर याच्याही कितीतरी आधी दिसतात. वास न येणं, जुनाट बद्धकोष्ठ, आणि झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणं, ओरडणं, शेजारी झोपलेल्याला लाथ बसणं. मामा तर नुसत्या वासावर तंबाखूचा कस सांगायचे. त्यांचं नाक गेलं ते निदानाच्या सात-आठ वर्षं आधी, आणि वखारीतली धूळ बाधली असं सगळ्यांनी धरलं. आता एक लक्षात घ्या. वास न येण्याची शंभर कारणं आहेत, बद्धकोष्ठाची तर हजार. यातलं एखादं दिसलं म्हणून लगेच गुगल उघडून घाबरून जायचं कारण नाही. पण झोपेतली मारामारी आणि एका बाजूचा मंदपणा असं एकत्र दिसलं, तर दाखवून यावं.

हे होतं कशानं? मध्यमेंदूत एक काळसर रंगाचा छोटा पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. हालचाल सुरू करणं आणि तिचा आवाका ठरवणं हे या रसायनाच्या जोरावर चालतं. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात, आणि हातापायांवर लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या पुष्कळशा गेलेल्या असतात. त्या का मरतात याचं एकच एक उत्तर नाही. थोड्या कुटुंबांत जनुकांतला दोष सापडतो, बहुतेकांत तसं थेट काही सापडत नाही. वय हे सगळ्यात मोठं कारण. शेतीच्या काही विषारी औषधांशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पॅराक्वाट हे तणनाशक त्यात ठळक आहे, आणि बऱ्याच देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आपल्याकडे उसात फवारणी करताना तोंडाला रुमालही नसतो. घरचं शेत असणाऱ्यांनी एवढं तरी मनावर घ्यावं.

निपाणीच्या वाचकांना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये पार्किन्सन्स कमी आढळतो, हे गेली कित्येक दशकं वेगवेगळ्या देशांत दिसत आलंय. मामांच्या एका मित्राला हे कुठूनसं कळलं आणि ते म्हणाले, "बघ, तू वखारीत राहून विडी वढली न्हाईस, म्हणून झालं." हसण्यावारी नेलं आम्ही. पण संशोधकांनी ते हसण्यावारी नेलं नाही. पार्किन्सन्सच्या पेशंटना वर्षभर निकोटिनचे पॅच लावून चाचणी घेतली गेली. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. आजाराचा वेग कमी झाला नाही. आणि विडी-सिगारेटनं फुप्फुसाचं, हृदयाचं, तोंडाचं काय होतं हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको.

हा आजार विरळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना तो होता. आपल्याकडचा एक प्रसिद्ध अभ्यास मुंबईच्या पारशी वसाहतींतला आहे. डॉ. भरूचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. लाखामागे सुमारे ३२८ पेशंट. बेंगळूर भागात निम्हान्सच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये छापलेल्या पाहणीत हा आकडा लाखामागे ३३ निघाला. दहापट फरक बघून चक्रावू नका. पारशी समाजात वयस्कर माणसं खूप जास्त, हे त्याचं एक मोठं कारण. आपली घरंही आता तशीच होत चाललीत. मुलं पुण्याला, बेंगळूरला, घरी साठी-सत्तरीतली दोघंच.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरनं १८१७ मध्ये या आजारावर पहिला निबंध लिहिला. सहा माणसांचं वर्णन त्यात आहे, आणि त्यातली काही तर त्याला नुसती रस्त्यात दिसलेली. चालताना बघूनच त्यानं ओळखलं. त्याचा जन्मदिवस ११ एप्रिल. तो आता जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळतात. दोनशे वर्षांनंतरही न्यूरॉलॉजिस्टच्या खोलीत मुख्य काम तेच चालतं. अंगठा आणि बोट एकमेकांवर टकटक आपटायला लावतात, मूठ उघडझाप करायला लावतात, मनगट फिरवून ताठरपणा बघतात. दातेरी चाक फिरवल्यासारखा हात अडखळत अडखळत वळतो. गोल गोल वर्तुळांची जिलबी काढायला लावतात. बाहेरच्या बोळातून चालायला लावून वळताना किती पावलं लागतात ती मोजतात. मागं उभं राहून खांद्याला हलकासा झटका देतात आणि तोल सावरतो का बघतात. हे घरी करून बघू नका, माणूस पडेल.

आजार किती पुढं गेलाय ते सांगायला होएन आणि यार यांची १९६७ मधली पाच पायऱ्यांची पद्धत अजून वापरतात. एकाच बाजूला लक्षणं म्हणजे पहिली पायरी, दोन्ही बाजूंना पण तोल शाबूत म्हणजे दुसरी, तोल जायला लागला की तिसरी, आणि पाचवी म्हणजे मदतीशिवाय खुर्ची किंवा अंथरूण सुटत नाही. फाइलवर हा आकडा दिसला तर घाबरून जाऊ नका. प्रत्येक जण पाचव्या पायरीपर्यंत जातो असं नाही, आणि जाण्याचा वेगही प्रत्येकाचा वेगळा.

पहिल्या भेटीला जाताना एक वस्तू न विसरता न्यावी. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी. चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षं चालू असलेल्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, आणि मानसिक आजारावरची काही औषधं यांमुळे हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात. आपल्याकडे चकरेची गोळी डॉक्टरांनी पंधरा दिवस लिहून दिली की औषधाच्या दुकानातून पाच वर्षं चालू राहते. अशा पेशंटचं औषध डॉक्टरांनी बदललं की लक्षणं बऱ्याचदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. म्हणून पिशवी न्यायची. मात्र आपल्या आपण कुठलीही गोळी एकदम बंद करायची नाही.

भाषेचाही मुद्दा आहे. निपाणीची माणसं कोल्हापूरला जातात किंवा बेळगावला. कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तर, त्यामुळे बरेच जण कोल्हापूर धरतात. बेळगावात डॉक्टर कन्नड-इंग्रजी बोलणारे असले तर आपली आत्ती किंवा आज्जी गप्प बसते. "चालताना पाय जमिनीला चिकटतात", "अंग लाकूड झालंय", "आतून हिवताप भरल्यागत होतंय" ही वाक्यं डॉक्टरांच्या फार कामाची असतात. ती त्यांच्याच शब्दांत लिहून न्या आणि भाषांतर तुम्ही करा. आमची पिढी तिन्ही भाषा बोलते, त्याचा एवढा उपयोग व्हायलाच हवा.

आता उपचार. आजार मुळापासून बरा करणारं किंवा पेशींचं मरणं थांबवणारं औषध आजतागायत सिद्ध झालेलं नाही. पण लक्षणं ताब्यात ठेवणारं औषध आहे, आणि ते जुनं, चांगलं आणि तुलनेनं स्वस्त आहे. त्याचं नाव लेव्होडोपा. मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. जॉर्ज कोत्झियस यांनी १९६७ मध्ये ते हळूहळू वाढवत मोठ्या मात्रेत तोंडावाटे दिलं आणि लाकडासारखे पडलेले पेशंट उठून चालायला लागले. आता ते कार्बिडोपाबरोबर देतात, म्हणजे मेंदूबाहेर वाया जात नाही आणि मळमळ कमी होते.

याची एक देशी बाजू मला फार आवडते. आपल्या खानापूर-चंदगडकडच्या रानात कुंपणांवर चढणारी खाजकुयली तुम्ही बघितली असेल, शेंगेला हात लागला की दिवसभर खाजवत बसायचं. कन्नडमध्ये नसुगुन्नी. आयुर्वेदात कंपवातावर तिचं बी वापरतात. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी याच बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला होता. म्हणजे ते चूर्ण खरोखरच औषध आहे, आणि म्हणूनच गोळ्या चालू असताना कुणीतरी सांगितलं म्हणून ते वरून सुरू करू नये. मात्रा दुप्पट होऊ शकते. घ्यायचंच असेल तर न्यूरॉलॉजिस्टला सांगून.

पहिली काही वर्षं गोळी झकास चालते. मग तिचा असर लवकर उतरायला लागतो. सकाळी सातची गोळी अकरापर्यंत पुरायची, ती साडेनऊलाच संपते. गोळी चढलेली असताना माणूस हिंडतो-फिरतो, उतरली की खुर्चीत अडकतो. काहींना उलट, गोळी जोरात असताना अंग वळवळतं. इथून पुढचा सगळा उपचार म्हणजे वेळांचा खेळ असतो. किती वाजता किती घेतली, किती वाजता चढली, किती वाजता उतरली. आणि डॉक्टरांपुढे पेशंट असतो दहा मिनिटं. त्यातही मामा तिथं गेले की टुणटुणीत. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. ग्राहकाकडे दिवसातून चारदा बंद पडणारं सॉफ्टवेअर आमच्यासमोर शहाण्यासारखं चालतं. अशा वेळी आम्ही लॉग मागतो.

मामांसाठी मी ॲप वगैरे केलं नाही. मामी फोनवर फक्त नातवंडं बघतात. दोनशे पानी वही घेतली, आडवे तास पाडले आणि तीनच शब्द ठरवले: चालू, बंद, वळवळ. गोळी घेतली की फुली. डॉक्टरांकडे जायच्या आधीचे तीन-चार दिवस भरायचं, रोज नाही. मामांना बंद पडलेलं असताना चालण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मामेबहीण काढते, त्यांना विचारून. त्या एका वहीवर डॉक्टरांनी चारची सहा वेळ केली, मात्रा तीच ठेवून, आणि दुपारची खुर्ची सुटली.

त्या वहीतूनच दुसरं एक कळलं. दुपारच्या जेवणानंतरची गोळी लागूच पडत नव्हती. आमटी, दही, मटकीची उसळ यांतली प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि मेंदूत शिरायला एकाच दरवाजाशी भांडतात. म्हणून गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास किंवा जेवणानंतर तासा-दीड तासानं, पाण्याबरोबर. दुधाबरोबर नको. प्रथिनं बंद करू नका, माणूस खंगतो.

लेव्होडोपाशिवाय इतरही औषधं आहेत. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटाबद्दल घरातल्या तरुणांनी एक लक्षात ठेवावं: काही पेशंटना यामुळे जुगाराची, खरेदीची, खाण्याची किंवा इतर अनावर ओढ लागते. जन्मात पत्त्याला हात न लावलेले काका रात्रभर ऑनलाइन रमी खेळायला लागले, तर त्यांना बोल लावण्याआधी डॉक्टरांना फोन करा. औषध बदललं की ती ओढ बहुधा जाते. ट्रायहेक्सिफेनिडिल थरथरीवर देतात, पण म्हाताऱ्या माणसांना त्यानं विसराळूपणा आणि गोंधळ होऊ शकतो. तेही विचारून घ्यावं.

मेंदूत बारीक तार बसवून बॅटरीवर चालवण्याची शस्त्रक्रिया, डीबीएस, हिच्याबद्दल सगळे विचारतात. ती प्रभावी आहे, खर्चिक आहे आणि सगळ्यांसाठी नाही. ज्यांना लेव्होडोपा अजून चांगली लागू पडते पण चढ-उतार किंवा वळवळ फार आहे, स्मरणशक्ती ठीक आहे, अशांना मुख्यतः फायदा होतो. गोळीनं जे सुधारत नाही, तोल जाणं वगैरे, ते तारेनंही सहसा सुधारत नाही.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा. दोन वर्षांपूर्वी मामांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटल कुठलं ते महत्त्वाचं नाही, कुठंही झालं असतं. तिथं गोळ्या वाटायच्या वेळा ठरलेल्या, सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. मामांच्या सहा वेळांच्या तीन झाल्या. उलटी झाली म्हणून मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं गेलं. तिसऱ्या दिवशी मामा कूस बदलू शकेनात, घास गिळता येईना. मामेबहिणीनं न्यूरॉलॉजिस्टना फोन लावून तो सर्जनच्या हातात दिला, गोळ्या जुन्या वेळांवर आल्या, उलटीचं औषध बदललं, आणि दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर आली. तेव्हापासून मामांच्या पाकिटात एक कार्ड आहे. एका बाजूला गोळ्यांच्या वेळा आणि ‘एकही वेळ चुकवू नये, एकदम बंद करू नये’ असं इंग्रजी, मराठी आणि कन्नडमध्ये. दुसऱ्या बाजूला चालणार नाहीत अशा औषधांची नावं आणि न्यूरॉलॉजिस्टचा नंबर. डॉक्टरांकडून तपासून असं कार्ड आजच करून घ्या, ऑपरेशनची वाट कशाला बघायची.

व्यायामाला औषधाइतकंच मानावं, असं सगळेच न्यूरॉलॉजिस्ट सांगतात. भरभर चालणं, सायकल, ताणाचे व्यायाम, मोठ्यानं वाचणं. या आजाराचं एक कोडं असं की सपाट फरशीवर पाय खिळलेला माणूस जिना भराभर चढतो. पाय खिळला की मेंदूला बाहेरून खूण लागते. फरशीवर रंगीत पट्टी, एक-दोन-एक-दोनचा ठेका, पुढं धरलेली काठी ओलांडायला लावणं, काहीही. मामा भजनी मंडळात टाळ वाजवायचे. दाराच्या उंबऱ्याशी पाय अडले की मामी टाळीवर ठेका धरतात आणि मामा उंबरा ओलांडतात. पुण्यात हृषीकेश पवार या नृत्यशिक्षकांनी पार्किन्सन्सच्या पेशंटसाठी नृत्यवर्ग चालवले, त्यामागचं तत्त्व हेच. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ हा पेशंट आणि त्यांच्या घरच्यांचा मराठी स्वमदत गट आहे, तर मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसॉर्डर सोसायटी काम करते. आपल्या बेळगाव-निपाणीच्या लोकांनी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी माडीवर जमायला काय हरकत आहे? मंडळानं जागा दिली तर सतरंज्या मी आणतो.

सरकारी बाजूही सांगून ठेवतो. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा स्पष्ट समावेश आहे. तपासणीत ठरलेलं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त निघालं तर प्रमाणपत्राचा सवलतींसाठी उपयोग होतो. अर्ज ऑनलाइन करता येतो, तो भरून द्यायचं काम पुण्या-बेंगळूरहून बसूनही होतं.

आणि मामी. वही, गोळ्या, उंबरा, रात्री कूस वळवायला दोनदा उठणं, हे सगळं पाच वर्षं एक बाई करतेय आणि तिचे स्वतःचे गुडघे गेलेत. गेल्या वर्षापासून गुरुवारी दुपारी तीन ते सहा मामेबहीण निपाणीला येऊन मामांजवळ बसते आणि मामी बाहेर पडतात. कुठं जातात ते आम्ही विचारत नाही. मागच्या गुरुवारी परत आल्या तेव्हा हातात पेढे होते. मामांनी एक खाल्ला आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला. "साखर वाढंल," मामी म्हणाल्या, आणि दिला.